गाण्यांच्या मधलं संगीत

डबा उघडला की आधी वास येतो. व्हिनेगरचा, आंबट, घशाशी बसणारा. भंगारवाला मान फिरवतो. समोर उकिडवे बसलेले काका डबा आणखी जवळ ओढतात आणि अंगठ्यानं फिल्मची कड चाचपतात.

"वळली नाही अजून. चालेल."

मे महिन्यातला रविवार. नगरच्या जुन्या भागातला रस्ता. दहाही वाजलेले नाहीत, पण डांबराची धग चपलेतून वर येतेय. कडेनं गोणपाटं अंथरलीत. त्यांवर मिक्सरची भांडी, किल्ल्या नसलेली कुलपं, नळाच्या तोट्या, तडकलेल्या काचेमागे कुणाचे तरी आजोबा. एका टोकाला कॅसेटींचा ढीग. अभंग, भारुडं, आरत्या, आणि बॉलपेननं नुसतं 'बारसं' लिहिलेली एक. फुटलेल्या कॅसेटमधून तपकिरी फीत बाहेर आलीय. वारा सुटला की ती कुलपांवरून सरपटते.

काका फिल्मचं टोक धरून हातभर उलगडतात आणि आभाळाकडे धरतात. सोळा मिलीमीटरची फिल्म. एका कडेला भोकांची रांग. दुसऱ्या कडेला भोकं नाहीत. तिथे एक अरुंद पट्टी आहे आणि पट्टीत थरथरणारी पांढरी रेघ.

"हा आवाज, ताई. दिसतोय का?"

मी डोळे बारीक करते. रेघ कुठे जवळजवळ सरळ जाते, कुठे दातेरी होते, कुठे जाड होऊन पट्टी भरून टाकते. काका नख न लावता बोट फिरवतात. सरळ आहे तिथे कुणी बोलत नाही. बारीक दाते आहेत तिथे संवाद. आणि हे बोटभर, सगळं भरून आलेलं, तिथे वाद्यं. कागदावर नाही, कानात नाही, पण संगीत डोळ्यांसमोर आहे. मी हे बऱ्याचदा पाहिलंय, तरी दर वेळी मान वर करून बघतच राहते.

"कुठलं पिक्चर?"

डब्यावरची चिठ्ठी ओलीनं गेलीय. 'रीळ २' एवढंच वाचता येतं. भंगारवाला सांगतो, एका शाळेची अडगळ काढली, त्यात आलंय. पहिलं रीळ? एवढंच होतं, काका.

भाव किलोवर ठरतो. काळ्या-पांढऱ्या फिल्मच्या थरात चांदी असते. ती धुऊन काढायची आणि उरलेली पट्टी मिळेल त्याला विकायची, हा जुन्या प्रिंटांचा ठरलेला शेवट. कित्येक बोलपट असे संपले. हा डबा मात्र काकांच्या कापडी पिशवीत जातो. पिशवी उन्हाच्या उलट्या बाजूला, अंगाच्या सावलीत धरून ते चालू लागतात.

दाळमंडईत मिरचीचा ठसका लागतो. हातगाड्या, पोती, हमालांचे आवाज. काका सत्तरीच्या पुढचे आहेत, पण चाल झपाझप. बोलतात ते मागे वळून न बघता.

"गाणी सगळ्यांकडं आहेत हो. मला गाण्यांच्या मधलं पाहिजे."

गाण्यांच्या मधलं म्हणजे काय, ते चालता चालता कळतं. चित्रपट अडीच तासांचा. त्यात आठ-दहा गाणी. अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटं वाजते. म्हणजे जे बाजारात आलं ते फार तर अर्धा तास. उरलेल्या दोन तासांतही कुणी तरी वाजवत असतंच. नावं पडताना अख्खा वाद्यवृंद वाजतो. जिना उतरणाऱ्या पावलांबरोबर सतार उतरते. पाठलागात ट्रम्पेट, मृत्यूच्या प्रसंगी एकटं व्हायोलिन, 'समाप्त'च्या पाटीवर दहा सेकंदांचा एक सूर. हे कधी दुकानात आलं नाही. गाण्यांचंही तसंच. तबकडीत मावेना म्हणून गळलेलं कडवं पडद्यावर आहे. तमाशापटातल्या लावणीत नाचणारीसाठी ढोलकी मोकळी सुटते, तो तुकडा पडद्यावर आहे. तबकडीवर लगेच पुढचं कडवं. संग्राहकांच्या भाषेत एक 'रेकॉर्डचं' आणि एक 'पिक्चरचं'. ही माणसं पिक्चरचं गोळा करतात.

चितळे रस्ता ओलांडून आम्ही एका बोळात शिरतो. इथे सावली आहे. जुना वाडा, उंच उंबरा, लाकडी जिना. जिन्याच्या तळाशी चपलांची रांग. ती बघूनच काका म्हणतात, "आज गर्दी आहे."

वरची खोली दहा बाय बारा असेल. खिडकीला ओलं पोतं टांगलंय, त्यातून गढूळ उजेड येतो. तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या. त्यांवर तबकड्या उभ्या लावलेल्या. आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात. मग स्पूलचे चौकोनी खोके, कॅसेटी, व्हीएचएसचे जाड ठोकळे, सीडींच्या चवडी. चौथ्या भिंतीशी टेबल आणि टेबलावर यंत्रं. दोन टर्नटेबल, एक स्पूलचा टेपरेकॉर्डर, एक कॅसेट डेक, एक व्हीसीआर, सोळा मिलीमीटरचा प्रोजेक्टर आणि जुना संगणक. फरशीवर सतरंजी. सतरंजीवर आठ-नऊ माणसं.

दाराशी शाळेची वही आहे. तीत नंबर लावायचा. नाव, गाव, काय आणलंय, किती मिनिटांचं. काय आणलंय या रकान्यात बारीक अक्षरं: 'क्यासेट ९०, टीव्हीवरून'. 'स्पूल, माहीत नाही'. 'व्हीसीडी, अलबेला'. मिनिटांचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथे घाई करता येत नाही. नव्वदची कॅसेट संगणकात उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात. तिच्यात जवळपास १३० मीटर फीत असते आणि ती डेकच्या हेडसमोरून सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर या एकाच वेगानं सरकते. समोरच्याची संपल्याशिवाय मागच्याचा नंबर येत नाही. पाथर्डीहून आलेला माणूस भिंतीला टेकून डुलक्या घेतोय. त्याच्या मांडीवर पिशवी आहे आणि पिशवीवर दोन्ही हात.

पंखा बंद आहे. बिघडलेला नाही, बंद ठेवलाय. रेग्युलेटरची घरघर वायरीत उतरते आणि मग ती प्रत्येक फायलीत कायमची राहते. शिवाय वारा धूळ उडवतो. तबकडीच्या खाचेत धुळीचा कण बसला की सुई कटकन वाजते. म्हणून यंत्र चालू असेपर्यंत पंखा नाही. कुणी तक्रार करत नाही. मानेवरचा घाम टिपत, वर्तमानपत्रानं वारा घेत सगळे बसलेत. वारा घ्यायचा तोही हळू, कागद न फडफडवता.

सध्या श्रीरामपूरच्या बाईंची कॅसेट चालू आहे. बाई पन्नाशीच्या. वडील गेले, घर आवरताना खोकं सापडलं. त्या टेबलाशेजारी स्टुलावर बसल्यात आणि डेकच्या काचेतून फिरणाऱ्या चाकांकडे बघतायत.

आवाज लहान ठेवलाय. शनिवार संध्याकाळचा दूरदर्शनवरचा मराठी चित्रपट. वडील टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचे. नावं पडतायत, सनई आणि व्हायोलिनं एकत्र वर चढतायत, आणि मध्येच कुकरची शिट्टी. मग दुसरी. मग एक लहान मुलगी काहीतरी विचारते आणि पुरुषाचा दबका आवाज येतो, 'श्श'. शिट्टी, श्श, आणि त्यांच्यामागे तो वाद्यवृंद, न थांबता. कुणाच्याही तबकडीवर नसलेली ती दीड मिनिटं.

टेबलाशी बसलेला मुलगा नगरच्याच कॉलेजात माध्यमांचं शिकतो. तो हेडफोन खाली करतो. "ताई, ही शिट्टी काढता येते आता. सॉफ्टवेअर आहे. तो मधला आवाजही बराचसा जातो."

बाई लगेच बोलत नाहीत. चाकं फिरतायत. "तो आवाज बाबांचा आहे," त्या म्हणतात. "आणि विचारणारी मी."

मुलगा मान हलवतो. स्वच्छ केलेली प्रत वेगळी ठेवायची, असं ठरतं. मूळ आहे तशी राहील. इथला नियमच आहे तो, आणि मला तो शंभर टक्के पटतो. आज जे यंत्र शिट्टी काढतं ते शिट्टीबरोबर व्हायोलिनचा वरचा थरही खरवडून नेतं. दहा वर्षांनी अधिक चांगलं यंत्र येईल, पण त्याला कच्चा आवाज लागेल. घासूनपुसून ठेवलेली फाईल तेव्हा कामाची नाही. म्हणून २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ; डावा-उजवा दोन्ही आवाज धरले तर तासाला दोन जीबी. डिस्क भरते, नवी आणावी लागते. खर्च वाटून घेतात.

पुढचा नंबर पुणतांब्याच्या तरुणाचा. सकाळच्या गाडीनं आलाय. बॅगेतून व्हीसीडीचं पाकीट काढतो. 'अलबेला', १९५१. भगवानदादांचा चित्रपट, संगीत सी. रामचंद्र.

"आमच्या गावचे," तो म्हणतो. हे तो प्रत्येक वेळी म्हणत असणार, कारण दोघंतिघं हसून मान डोलावतात. पण खरंच आहे ते. राहाता तालुक्यातलं पुणतांबे, गोदावरीकाठचं, चांगदेवांच्या समाधीचं. रामचंद्र नरहर चितळकर तिथे १२ जानेवारी १९१८ ला जन्मले. गाताना त्यांनी नाव लावलं ते नुसतं चितळकर. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे, नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये दुसऱ्यांच्या चालींना पेटीची साथ करत होते. मग स्वतःचं नाव झालं आणि शंभरावर चित्रपट. 'शहनाई', 'अलबेला', 'अनारकली', 'आझाद', 'नवरंग'. गाणी गावोगावच्या बँडनं वाजवली.

"गाणी सगळी आहेत माझ्याकडं," तरुण म्हणतो. "मला टायटलचं पाहिजे. आणि नाचाच्या मधले पीस."

व्हीसीडी फिरू लागते. आवाज पातळ आहे. दाबून दाबून डिस्कवर बसवलेला. कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह. काका कपाळाला आठी घालून ऐकतात. व्हीसीडी काढताना लांबी कमी करायला कात्री लागते, आणि ती बहुतेक वेळा अशाच जागी लागते जिथे 'काही घडत नाही'. नुसतं वाजत असतं.

सतरंजीवरून एक म्हातारे पुढे सरकतात. आयुष्य बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवण्यात गेलं. बोटं अजून मांडीवर चालतात. "ते ब्रास ऐका," ते म्हणतात. "गोव्याची माणसं." सी. रामचंद्रांचे सहायक होते अँटोनिओ झेवियर वाझ. सगळे त्यांना चिक चॉकलेट म्हणत. ट्रम्पेट वाजवायचे. 'अलबेला'त ते त्यांच्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. पण ते अपवाद. मुंबईच्या स्टुडिओंत पाळीवर येणारे बाकी शेकडो वादक नावांच्या पाटीवर नाहीत. त्यांची लिहून आणलेली नोटेशनं काम झालं की रद्दीत. त्यांनी काय वाजवलं हे सांगणारी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे पिक्चरचा आवाज. म्हातारे पाऊण मिनिटाचा एक तुकडा पुन्हा लावायला सांगतात. मुलगा लावतो. पुन्हा. पुणतांब्याचा तरुण वहीत वेळ टिपतो: कितव्या मिनिटाला सुरू, कितव्या सेकंदाला संवाद वर पडला.

बारा वाजून गेलेत. पोतं सुकलंय. काका उठतात, त्यावर तांब्याभर पाणी मारतात. ओल्या तागाचा वास खोलीभर. पाणी ठिबकतं आणि फरशीवरून जिन्याकडे ओघळ जातो.

आणि वीज जाते.

प्रोजेक्टर अजून लागायचाच होता, पण स्पूलवर कुणाची तरी फीत चालू होती. तो आवाज एकदम जड होतो, खाली खाली जातो, गाणारी बाई पुरुषासारखी गाते आणि थांबते. "आता तासाची निश्चिंती," कुणीतरी म्हणतं. पाथर्डीचा माणूस जागा होतो. रेकॉर्डिंग नाही म्हटल्यावर खिडकीतलं पोतं वर बांधलं जातं. बाहेरून झळ येते, पण उजेडही येतो. खालून चहा येतो. इतक्या उन्हात गरम चहा, आणि एकही कप परत जात नाही.

आता बोलायला मोकळीक आहे. तंबू सिनेमातले ऑपरेटरमामा सुरू होतात. मढीच्या यात्रेत, होळीपासून पाडव्यापर्यंत, कानिफनाथांच्या गडाखाली तंबू लागायचा आणि हे मशीन चालवायचे. त्यांच्या बोलण्यात मला पहिल्यांदा एक गोष्ट नीट उमगते. टायटलचं संगीत कुठे असतं? पहिल्या रिळाच्या सुरुवातीला. आणि रीळ फाटतं कुठे? सुरुवातीला. प्रत्येक खेळाला मशीनमध्ये टोक ओवायचं, भोकं दातांवर बसवायची, दोन-चार वेळा तुटलं की कापून चिकटवायचं. "शंभर खेळ झाले की निम्मी नावं गेलेली," मामा म्हणतात. "आम्हाला काय, लोकांना नट दिसला की झालं." जे तबकडीवर कधीच आलं नाही, ते नेमकं रिळाच्या झिजणाऱ्या टोकावर होतं. काकांनी सकाळी पहिलं रीळ का विचारलं होतं, ते असं.

मग नावं निघतात. 'कानून', १९६०. एकही गाणं नाही. 'इत्तेफाक', १९६९, त्यातही नाही. दोन्हींना पार्श्वसंगीत सलील चौधरींचं. गुलजारांचा 'अचानक', १९७३, संगीत आपल्या वसंत देसाईंचं, गाणं नाही. गाणं नाही म्हणजे गाण्यांची तबकडी नाही. इतके मोठे संगीतकार, अख्खा चित्रपट पेलणारं काम, आणि दुकानात मागायला गेलं तर हातात काही नाही.

कॉलेजचा मुलगा विचारतो, "पण वेगळं जपून का नाही ठेवलं?"

काका समजावतात. पार्श्वसंगीत सगळ्यात शेवटी होतं. चित्रण झालं, संकलन झालं, पैसे संपत आले, प्रदर्शनाची तारीख डोक्यावर. पडद्यावर रीळ फिरतंय, वादक एक डोळा त्याच्यावर आणि दुसरा वाद्यवृंद चालवणाऱ्यावर ठेवून वाजवतायत. मग ते संवाद, पावलं, दारं यांच्यात मिसळतात. एकदा मिसळलं की निर्मात्याचं काम झालं. मॅग्नेटिक फीत पुसून पुन्हा वापरता यायची, आणि ती महाग. कोण ठेवणार? विकायची तर गाणी होती.

कधी कधी मात्र कुणीतरी ठेवलेलं असतं. 'पाकिजा' १९७२ मध्ये आला. त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच गेले होते. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेली, पण चित्रपटात न घेतलेली नऊ गाणी १९७७ मध्ये 'पाकिजा रंग बरंग' नावाच्या एलपीवर आली. ती एलपी या खोलीत आहे. काका ती फळीवरून काढतात, पाकिटातून न काढता सगळ्यांपुढून फिरवतात. प्रत्येक जण दोन्ही हातांनी घेतो आणि दोन्ही हातांनी देतो.

"आणि आलम आरा," ऑपरेटरमामा म्हणतात. बोलणं थांबतं. भारतातला पहिला बोलपट, १४ मार्च १९३१, मुंबईचं मॅजेस्टिक. सात गाणी. एकाचीही तबकडी निघाली नाही. प्रिंटही कुठे उरलेली नाही. त्यातलं पहिलं गाणं कसं वाजत होतं, हे ऐकण्याचा मार्ग आज कुणाकडे नाही.

वीज येते ती दोनच्या सुमाराला. पोतं खाली सुटतं. पंखा कुणीतरी सवयीनं लावतो, लगेच बंद करतो.

आता सकाळचं रीळ. त्याला वहीत नंबर नाही. सकाळी आलेला नवा माल रांगेच्या मध्ये एकदा लावायचा, असा संकेत आहे, आणि सगळ्यांनाच तो ऐकायचा असतो. ऑपरेटरमामा शर्टाच्या बाह्या वर करतात. फिल्म हातानं एका चाकावरून दुसऱ्यावर गुंडाळतात, मऊ कापडाच्या चिमटीतून. कापड काळं होतं. दोन ठिकाणी जुने जोड सुटलेत. मामा चष्मा कपाळावर सरकवतात, दोन टोकं भोकाला भोक जुळवून ठेवतात, पारदर्शक पट्टी वरून दाबतात, नखानं हवा काढतात. हात थरथरत नाही.

प्रोजेक्टरचा मोठा दिवा लावायचा नाही. त्याच्या उष्णतेनं फिल्म आणखी आखडेल. चित्र नकोच आहे. आत आवाजाचा एक छोटा दिवा असतो, तेवढाच लागतो. त्याचा उजेड त्या थरथरणाऱ्या रेघेतून पलीकडे जातो, कमी-जास्त होतो, आणि पलीकडच्या डोळ्याला तो कमी-जास्तपणा आवाज म्हणून कळतो. सोळा मिलीमीटरमध्ये आवाज चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो, म्हणजे सेकंदाहून थोडा जास्त. त्यामुळे जिथे चित्र तुटलं तिथे आवाज तुटत नाही. तो सेकंदभर आधी-मागे कुठेतरी उडी मारतो. मामा जोड जवळ आला की बोट वर करतात. मुलगा वेळ टिपतो.

खरखर. मोठी खरखर. त्यातून एक बाई बोलते, हिंदीत. दार. पावलं, फरशीवरची, लांब जाणारी. आणि मग संवाद थांबतात.

क्लॅरोनेट.

खाली व्हायोलिनं आहेत, पण ती श्वास धरून एकाच सुरावर. वर क्लॅरोनेट एकटं, सावकाश, एक साधी चाल वर नेतं आणि पोहोचायच्या आधी सोडून देतं. पुन्हा नेतं. बँडवाल्या आजोबांची बोटं मांडीवर उघडमीट करतायत. कुणी वारा घेत नाही. मग कुठेतरी घोड्याच्या टापा येतात, एक पुरुष ओरडतो, आणि ते संपतं.

चाळीस सेकंद.

"कोण?" सगळेच एकदम. आजोबा डोळे मिटून बसलेत. काका दोन नावं घेतात, मग स्वतःच नाही म्हणतात. पुणतांब्याचा तरुण आशेनं बघतो, आजोबा मान हलवतात, "त्यांचं नाही. ते इतकं थांबत नाहीत." संवादांवरून चित्रपट ओळखायचा प्रयत्न होतो. एक नाव येतं, दुसरं येतं. नटाचा आवाज ओळखीचा वाटतो, पण घोडे असलेले चित्रपट कमी का होते? रीळ पुढे जात राहतं. चारशे फुटांचं आहे, अकरा मिनिटांत संपतं. एक गाणं अर्ध्यावर सुरू होतं आणि टोकाला तुटतं. तेही कुणाला माहीत नाही.

मुलगा फाईलला नाव देतो: 'अनोळखी, रीळ २, शाळा'. वहीत काका स्वतःच्या हातानं लिहितात. क्लॅरोनेट, ४० सेकंद, सातव्या मिनिटाला. वहीच्या मागच्या पानांवर अशा अनोळखींची वेगळी यादी आहे. मी पानं उलटते. काहींवर रेघ मारून पुढे नाव लिहिलंय, तारीख टाकलीय. बऱ्याच ओळींवर रेघ नाही.

मुलाच्या मनात एक प्रश्न घोळतोय. "हे टाकू का नेटवर? लाखो लोक ऐकतील. कुणीतरी ओळखेल."

खोलीत दोन मतं आहेत आणि दोन्ही मनापासूनची. कायद्यानं चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. 'अनारकली' १९५३ चा, त्याची मुदत सरलीय. पण रचना वेगळी. तिचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. सी. रामचंद्र ५ जानेवारी १९८२ ला गेले, म्हणजे २०४२ संपेपर्यंत. काकांचं म्हणणं सरळ: इथून काही विकलं जाणार नाही, परवानगीशिवाय सगळ्यांसमोर टाकलंही जाणार नाही. ज्याला ऐकायचंय त्यानं जिना चढून यावं. मुलाचं म्हणणं: जिना चढता येणारे किती उरलेत? त्यावर खोलीत उत्तर नाही. माझा कौल या बाबतीत मुलाकडे झुकतो, निदान अनोळखी तुकड्यांपुरता. ज्याचा मालक कोण हेच ठाऊक नाही, त्याला ओळखणारा माणूस नगरच्या बाहेरच असण्याची शक्यता जास्त; आणि ओळखू शकणारे सगळे आता ऐंशीच्या घरात आहेत.

साडेचार. ऊन खिडकीच्या दुसऱ्या बाजूला गेलंय. पाथर्डीच्या माणसाचा नंबर अखेर लागतो. पिशवीतून स्पूल निघतं. काका फीत हुंगतात, बोटाला चिकटते का बघतात. चिकटते. फितीवरचा थर ओल धरून चिकट होतो. तशीच लावली तर हेडवर सोलून निघते आणि त्याबरोबर आवाजही जातो. ती आधी मंद, मोजक्या उष्णतेत काही तास सुकवावी लागते. आज नाही होणार. माणूस सकाळी सातला निघाला होता. तो काही बोलत नाही. स्पूल काकांच्या हाती ठेवतो, वहीत सही करतो, पावती मागत नाही. "पुढच्या रविवारी येतो, काका." जिना उतरताना त्याची पिशवी हलकी आहे आणि तो तरीही ती छातीशी धरतो.

श्रीरामपूरच्या बाईंच्या अजून अकरा कॅसेटी बाकी आहेत. त्या खोकं इथेच ठेवून जातात, एक सोडून. कुठली ते विचारायची गरज कुणाला वाटत नाही.

नगरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत, पुण्यात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासूनचं. चित्रपटाची रिळं तिथे थंड खोल्यांत राहतात. पण त्यांच्यापर्यंत पोहोचायला आधी कुणाला तरी ती भंगारातून उचलावी लागतात, आणि टीव्हीसमोर धरलेल्या कॅसेटी, लग्नाच्या बँडसाठी उतरवून घेतलेले तुकडे, शाळेच्या कपाटातली सुटी रिळं यांचा विचार इतर कुणी करत नाही. या दहा बाय बाराच्या खोलीत तो होतो. जिल्ह्याजिल्ह्यांत अशा चार खोल्या हव्यात.

तुमच्या घरी पोटमाळ्यावर, गावच्या शाळेत, बंद पडलेल्या टॉकीजच्या मागच्या खोलीत असं काही असेल तर ते कुतूहलानं लावून बघू नका. एकदाच वाजण्याइतका जीव त्यात उरला असू शकतो. तबकड्या उभ्या ठेवा. आंबट वास येणारा डबा बाकीच्यांपासून वेगळा करा, कारण तो वास पसरतो आणि शेजारच्या फिल्मलाही धरतो. ओल आणि ऊन दोन्ही टाळा. कुठून आलं, कुणाचं होतं, घरातल्या म्हाताऱ्यांना काय आठवतं, ते कागदावर लिहून डब्याला बांधा. आणि ते किलोवर घालायच्या आधी असं काम करणारं जवळ कोण आहे, याची एकदा चौकशी करा.